पिशवीतला रंग बदलला तर: इलिओस्टॉमी, कोलोस्टॉमी आणि युरोस्टॉमी असलेल्यांनी काय तपासावे, कधी थांबू नये

शस्त्रक्रियेने मल किंवा लघवी पोटावरच्या तोंडातून बाहेर काढली की त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि त्यावर पिशवी लावतात. लहान आतड्याचा स्टोमा म्हणजे इलिओस्टॉमी, मोठ्या आतड्याचा कोलोस्टॉमी आणि लघवीचा युरोस्टॉमी. ही पिशवी रिकामी करताना रंग नेहमीपेक्षा वेगळा दिसला की मनात पहिली शंका रक्ताची येते. बहुतेक वेळा त्याचे कारण आदल्या जेवणात किंवा चालू औषधांत सापडते. पण काही वेळा ते आतड्यात, यकृतात किंवा मूत्रपिंडात असते आणि तेव्हा वेळ घालवणे महागात पडते. या दोन्हींत फरक कसा करायचा, ते इथे क्रमाने सांगितले आहे. नुसत्या रंगावरून कुठलाच निष्कर्ष काढू नका. रंगासोबत प्रमाण किती, पातळ की घट्ट, नेमके कुठून येते आणि अंगाला काय जाणवते हेही पाहा. या चार गोष्टी जोडल्याशिवाय रंगाचा अर्थ लागत नाही.

आधी तातडीच्या गोष्टी

पुढीलपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. गाडीची सोय नसेल तर महाराष्ट्रात १०८ वर फोन करा.

- स्टोमाच गडद जांभळा, तपकिरी किंवा काळा पडला आहे.
- स्टोमातून येणारे रक्त दहा मिनिटे दाबून धरूनही थांबत नाही, किंवा पिशवीत रक्त आणि गुठळ्या साठत आहेत.
- मल डांबरासारखा काळा, चिकट आणि असह्य वासाचा आहे. सोबत चक्कर, घाम, धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आहे.
- इलिओस्टॉमीतून चार ते सहा तास काहीच आले नाही आणि पोटात कळा किंवा उलट्या आहेत.
- मल पांढुरका झाला आहे, डोळे पिवळे दिसतात आणि थंडी वाजून ताप येतो.
- युरोस्टॉमीतून दोन-तीन तास लघवी आलेली नाही, किंवा हुडहुडी भरून ताप आणि कंबरेच्या वर पाठीत दुखणे आहे.

मलाला रंग येतो कुठून

यकृतातून पित्त लहान आतड्यात उतरते तेव्हा ते पिवळे-हिरवे असते. पुढे मोठ्या आतड्यातले जीवाणू पित्तातील रंगद्रव्याचे रूपांतर करतात आणि त्यातून मलाचा ओळखीचा तपकिरी रंग तयार होतो. या कामाला वेळ लागतो आणि मोठे आतडेही लागते.

इलिओस्टॉमीत मल लहान आतड्याच्या टोकाशीच बाहेर पडतो. म्हणून तो पिवळट, हिरवट किंवा हिरवट-तपकिरी असणे हाच त्याचा नियम आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत तर गडद हिरवे पातळ पाणीच येते. अनेक नातेवाईक ते पाहून घाबरतात, पण आतडे चालू झाल्याची ती खूण आहे. खाणे सुरू झाले की काही आठवड्यांत मल भाताच्या पेजेइतका दाट होतो आणि दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटरवर स्थिरावतो.

कोलोस्टॉमी डाव्या बाजूला, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर मल तपकिरी आणि बांधलेला असतो. आडव्या आतड्यावरची कोलोस्टॉमी असेल तर तो लगद्यासारखा आणि थोडा फिका असू शकतो. युरोस्टॉमीत लघवी फिकट पिवळी असते आणि तिच्यात पांढरे धागे तरंगतात. लघवीच्या वाटेसाठी आतड्याचा जो तुकडा वापरलेला असतो, तो आपल्या स्वभावाप्रमाणे श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत चिकट द्रव, बनवतच राहतो. हे धागे आयुष्यभर दिसतात आणि त्यांना पू समजायचे कारण नाही.

स्वतःचा नेहमीचा रंग लिहून ठेवा

तब्येत ठीक असताना एक आठवडा नोंद ठेवली की पुढे बदल ओळखणे सोपे जाते. वेळ, रंग, दाटपणा, अंदाजे मिलिलिटर, त्याआधीचे जेवण आणि चालू औषधे एवढे लिहा. मोजण्यासाठी ५०० मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा जग याच कामाला वेगळा ठेवा. उजेडात एक-दोन फोटोही काढून ठेवा. पुढे डॉक्टरांना शब्दांत सांगताना ‘थोडासा लालसर’ याचा अर्थ प्रत्येकाला वेगळा लागतो. फोटोत तो प्रश्न येत नाही.

बदल दिसला की या क्रमाने जा

१. उजेड आणि भांडे. अपारदर्शक किंवा त्वचेच्या रंगाच्या पिशवीतून रंग फसवा दिसतो, पिवळ्या बल्बखाली आणखीच. पांढऱ्या मगात थोडा मल काढा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. पिशवीत टाकायचे काही वासनाशक थेंब रंगीत असतात. नवीन बाटली उघडली असेल तर तेही लक्षात घ्या.

२. जागा. रंग मलात मिसळलेला आहे की वरवर लागला आहे, ते ठरवा. शंका असेल तर पिशवी काढा, कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉजने स्टोमा हळूच पुसा आणि एक मिनिट नुसते बघा. रक्त स्टोमाच्या पृष्ठभागावरून येते, त्वचा आणि स्टोमा जिथे जोडलेत त्या कडेवरून येते, आजूबाजूच्या सोललेल्या त्वचेवरून येते की मधल्या तोंडातून आतून येते? पहिल्या तीन जागा बहुधा घरी आवरता येतात. चौथी मात्र डॉक्टरांची.

३. मागे मोजा. इलिओस्टॉमीत खाल्लेले चार ते सहा तासांत पिशवीत दिसू लागते. म्हणून सकाळचा रंग रात्रीच्या जेवणात शोधा. कोलोस्टॉमीत एक ते तीन दिवस मागे जावे लागते. सोमवारच्या लाल रंगाचे उत्तर शनिवारच्या कोशिंबिरीत असू शकते. युरोस्टॉमीत काही तास पुरेत.

४. औषधे. गेल्या आठवड्यात सुरू झालेली प्रत्येक गोळी, टॉनिक, काढा आणि चूर्ण आठवा. घरच्यांना ‘औषध’ वाटत नाही अशा गोष्टीही विचारून घ्या.

५. संशयित पदार्थ थांबवा. इलिओस्टॉमीत चोवीस तासांत आणि कोलोस्टॉमीत तीन दिवसांत रंग पूर्ववत व्हायला हवा. झाला नाही तर कारण ताटात नाही असे धरा आणि डॉक्टरांना कळवा. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. फोन करून विचारा.

६. अंगाकडे पाहा. उभे राहताना चक्कर येते का, नाडी जलद आहे का, ताप, कळा, उलट्या, लघवी कमी आणि गडद, पायात गोळे? यातले एक जरी असेल तर पाचव्या पायरीची मुदत विसरा, त्याच दिवशी दाखवा.

लाल

बीट हे सर्वांत नेहमीचे कारण. मल गुलाबी-जांभळट होतो आणि काही जणांची लघवीसुद्धा गुलाबी होते. लाल माठ, ड्रॅगन फ्रूट, लाल सरबते, जेली, बर्फाचा गोळा आणि तंदुरी पदार्थांतला खायचा रंग यांनीही तसेच होते. टोमॅटो आणि लाल ढोबळी मिरचीची साल पचत नाही. तिचे तुकडे रक्ताच्या रेषांसारखे दिसतात, पण चमच्याच्या टोकाने हलवले की पापुद्रा वेगळा होतो. रक्ताचे तसे होत नाही.

औषधांत क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन पहिले. आपल्याकडे आतड्याच्या क्षयामुळे आतडे फुटून किंवा चिकटून स्टोमा करावा लागलेले रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांना हे औषध महिनोन्‌महिने चालते. लघवी, घाम, अश्रू आणि काही प्रमाणात मलही नारिंगी-लाल होतो. त्याने अपाय नाही आणि त्या भीतीने गोळी चुकवणे चांगलेच धोक्याचे. सेफडिनिर हे प्रतिजैविक लोहाच्या गोळीसोबत घेतले तरी मल लालसर होतो.

आता खरे रक्त. स्टोमाच्या पृष्ठभागाला रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे पुसताना गॉजवर दोन-चार थेंब येणे रोजचे आहे. तेच वारंवार होत असेल तर बेसप्लेटचे, म्हणजे पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीचे, भोक मोजा. ते स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर मोठे हवे. घट्ट असले तर हलताना कड घासते, फार सैल असले तर मल त्वचेला लागून ती सोलते. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून या काळात दर वेळी मापपट्टीने मोजूनच कापा. जुन्या मापावर कापत राहणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ गॉज थंड पाण्यात भिजवून पिळा आणि त्या जागेवर सलग पाच ते दहा मिनिटे दाबा. मधेमधे उचलून पाहू नका, कारण जमलेली गुठळी निघून येते. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन अशी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर थांबायला जास्त वेळ लागतो. अशांनी थोड्या रक्ताचीही डॉक्टरांना कल्पना द्यावी.

एक प्रकार वेगळा ओळखा. यकृताचा सिरोसिस असलेल्यांमध्ये स्टोमाभोवतीची त्वचा निळसर-जांभळी दिसते आणि तिथल्या फुगलेल्या शिरांतून एकाएकी भळाभळा रक्त येते. बोटांनी घट्ट दाबून धरा आणि तसेच दाबलेले ठेवून रुग्णालयात जा.

आतून येणारे, मलात मिसळलेले रक्त कितीही थोडे असो, दाखवायला हवे. मूळ आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स किंवा कर्करोगाचा असेल तर विशेष करून.

काळा

लोहाच्या गोळ्यांनी मल काळा किंवा काळपट हिरवा होतो. अशक्तपणासाठी या गोळ्या इतक्या सर्रास दिल्या जातात की बहुतेक काळ्या मलाचे मूळ तिथेच असते. बिस्मथ असलेली पोटाची औषधे, गॅससाठी घेतलेल्या कोळशाच्या गोळ्या आणि भरपूर जांभळे यांनीही रंग काळा होतो. एक बारकावा उपयोगी पडतो: लोह शिरेतून दिले असेल तर मल काळा होत नाही, कारण ते आतड्यात जातच नाही. सलाइनमधून लोह घेतलेल्या रुग्णाचा मल काळा झाला तर लोहावर ढकलू नका.

जठर किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव झाला की ते रक्त खाली येताना काळे, चकाकणारे आणि चिकट होते. त्याचा वास एकदा आला की विसरत नाही. थोडा मल पांढऱ्या टिश्यूवर घेऊन पाण्याचा थेंब टाका आणि पसरवा. लोहाचा मल कडेला हिरवट दिसतो, रक्ताचा तांबूस. ही केवळ अंदाजाची चाचणी आहे. खात्री प्रयोगशाळेतल्या गुप्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) रक्ताच्या तपासणीनेच होते.

इलिओस्टॉमी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तुमच्यात प्रवास छोटा असल्याने जठरातले रक्तसुद्धा पूर्ण काळे व्हायच्या आत पिशवीत येऊ शकते आणि गडद तपकिरी-लाल दिसू शकते. ‘काळे नाही म्हणजे वरचे रक्त नाही’ असा तर्क तुम्हाला लागू नाही. सांधेदुखीसाठी डायक्लोफेनाक किंवा आयब्युप्रोफेन रोज घेणाऱ्यांना जठरात व्रण होण्याचा धोका असतो. त्यांनी अशा रंगाला एक दिवसही सवलत देऊ नये.

हिरवा, पिवळा आणि पाण्यासारखा

पालक, मेथी, अळू, हिरव्या रंगाची मिठाई यांनी हिरवेपणा येतो आणि जातो. पण हिरवा रंग आणि पातळपणा एकत्र आले तर अन्न वेगाने पुढे सरकत आहे आणि पित्ताचे रूपांतर व्हायला वेळ मिळत नाही, असा त्याचा अर्थ. कोलोस्टॉमीत हे जुलाबाचे लक्षण आहे. नुकतीच प्रतिजैविके घेतली असतील तर डॉक्टरांना ते नक्की सांगा.

इलिओस्टॉमीत खरा धोका रंगाचा नाही, पाणी आणि मीठ जाण्याचा आहे. दिवसभरात दीड लिटरच्या वर मल आला, किंवा पिशवी नेहमीच्या दुप्पट वेळा रिकामी करावी लागली, तर लगेच हालचाल करा. मोठे आतडे नसल्याने मीठ शोषून घेणारा मोठा आधार गेलेला असतो. अशा वेळी तहान लागली म्हणून नुसते पाणी ढोसले तर आतड्यात मीठ खेचले जाते आणि मल आणखी वाढतो. लोक नेमके हेच करतात, आणि मग एवढे पाणी पिऊनही लघवी का होत नाही, असे विचारतात.

त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातील ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि घोट घोट दिवसभरात संपवा. अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नका. गोड फळांच्या चवीची पेये नावावर जाऊन घेऊ नका, पाकिटावरचे प्रमाण वाचा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा घाला. साखर जास्त झाली की जुलाब वाढतात, म्हणून चमचा सपाट हवा. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मऊ भात, केळे, उकडलेला बटाटा, साबुदाणा यांनी मल दाट होतो. फळांचे गोड रस टाळा. जुलाब आवरणारे लोपेरामाइड उपयोगी आहे, पण डॉक्टरांनी मात्रा ठरवल्यावरच. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामानेही मीठ जाते. तिथे दीड लिटरची मर्यादा गाठायची वाट पाहू नये.

पाण्यासारखे पातळ, जवळजवळ रंगहीन आणि नेहमीपेक्षा उग्र वासाचे थोडेथोडे येत असेल, सोबत पोट फुगून कळा येत असतील, तर तो जुलाब नसावा. पुढे काहीतरी अडकले आहे आणि कडेने फक्त पाणी निसटते आहे, अशी शक्यता मोठी. ओले खोबरे, मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मशरूम, सुकामेवा आणि संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे हे नेहमीचे अपराधी. घन अन्न बंद करा. उलटी नसेल तर कोमट द्रव घोटाघोटाने घ्या, गरम पाण्याने अंघोळ करा, गुडघे छातीशी घेऊन पडा आणि स्टोमाभोवती हलके चोळा. स्टोमा सुजला असेल तर मोठ्या भोकाची बेसप्लेट लावा. रेचक अजिबात घेऊ नका. पुढचा रस्ता बंद असताना मागून जोर लावल्यासारखे होते. उलट्या सुरू झाल्या किंवा येणे पूर्ण थांबले की घरचे उपाय संपले.

फिकट, मातकट किंवा पांढरा

बेरियमची तपासणी (बेरियम हे पांढरे द्रव्य देऊन काढलेला एक्स-रे) झाली असेल तर एक-दोन दिवस मल पांढरा येतो. बेरियम घट्ट होऊन बसते, म्हणून कोलोस्टॉमी असलेल्यांनी त्या दिवसांत जास्त पाणी प्यावे. असे काही नसताना मल मातकट-पांढरा झाला तर पित्त आतड्यात पोचत नसण्याची शक्यता आहे. लघवी चहासारखी गडद आणि डोळे पिवळे असतील तर त्याच दिवशी दाखवा.

मल फिकट, तेलकट आणि चिकट असेल, पिशवी धुताना तवंग दिसत असेल, तर चरबी पचत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग पित्ताम्ले आणि बी-१२ शोषतो. तो बराच कापलेला असेल तर असे होते. इथे घाई नाही, पण वजन उतरत असेल तर पुढची भेट लवकर घ्या आणि बी-१२ची तपासणी मागा.

गुदद्वार ठेवलेले असेल तर तिथून अधूनमधून पांढरा किंवा पिवळसर श्लेष्मा येतो. वापरात नसलेले आतडेही तो बनवते. त्यात रक्त किंवा पू दिसला, किंवा दुखू लागले, तर मात्र सांगा.

युरोस्टॉमी: लघवीचे रंग

गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडले. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दोन लिटरच्या आसपास द्रव घ्या. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी झगझगीत पिवळी होते, जळजळीवरच्या फेनाझोपिरिडिनने नारिंगी, नायट्रोफ्युरँटॉइनने तपकिरी. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे काही दिवस ती गुलाबी असू शकते. नंतर कधीही बिटाशिवाय लाल झाली तर दाखवा.

पिशवी किंवा नळी जांभळी झालेली पाहून घरात हाहाकार उडतो. काही जीवाणू अन्नातील एका घटकापासून निळी आणि लाल रंगद्रव्ये बनवतात आणि ती प्लॅस्टिकमध्ये मुरतात. लघवी अल्कलीधर्मी असताना आणि बद्धकोष्ठ असताना हे जास्त दिसते. पिशवी बदला, पाणी वाढवा, पोट साफ ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. ताप किंवा दुखणे असेल तर तपासणी लगेच.

स्टोमावर आणि त्वचेवर राखाडी-पांढरे खरखरीत कण जमले तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात गॉज भिजवा, पिशवी बदलताना काही मिनिटे ठेवा आणि मग साध्या पाण्याने धुवा.

लघवीच्या तपासणीत बहुतेकांची फसगत होते. पिशवीतला नमुना कल्चरला (जीवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) देऊ नका, कारण साठलेल्या लघवीत जीवाणू वाढलेलेच असतात. स्टोमा स्वच्छ करून निर्जंतुक कॅथेटर आत घालून नमुना घ्यायचा असतो. छोट्या प्रयोगशाळेत हे माहीत नसेल तर आग्रहाने सांगा. आणि कल्चरमध्ये जीवाणू सापडले म्हणून लगेच प्रतिजैविक लागते असेही नाही. आतड्याच्या तुकड्यात ते बहुधा असतातच. ताप, पाठदुखी, फार गढूळ आणि दुर्गंधी लघवी, गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतील तेव्हाच उपचाराचा विचार होतो.

स्टोमाचा स्वतःचा रंग

तो गालाच्या आतल्या बाजूसारखा ओला, गुलाबी-लाल असतो. फिकट पडला तर रक्त कमी झाले असण्याची शक्यता, हिमोग्लोबिन तपासा. जांभळट झाला तर आधी बेसप्लेट किंवा पट्टा आवळत नाही ना ते पाहा. सैल केल्यावर काही मिनिटांत रंग परतला नाही तर रक्तपुरवठा अडकला आहे. काळ्या रंगाला वाट पाहणे नाही.

डॉक्टरांकडे जाताना

बदल कधी सुरू झाला, किती वेळा पिशवी रिकामी केली, चोवीस तासांत किती मिलिलिटर, काय खाल्ले, कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्या. फोटो सोबत ठेवा. मलाचा नमुना पिशवीतून थेट स्वच्छ डबीत घ्या, शौचकूपातले पाणी लागू देऊ नका. रात्रीच्या ड्यूटीवरील डॉक्टरांना तुमची शस्त्रक्रिया माहीत नसते. म्हणून शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, किती आतडे उरले आहे आणि गुदद्वार ठेवले आहे की बंद केले आहे, एवढ्या चार ओळींची चिठ्ठी पाकिटात कायम असू द्या. मोठ्या रुग्णालयांत स्टोमा क्लिनिक आणि प्रशिक्षित परिचारिका असतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही ती सोय आहे. तुमच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात असे क्लिनिक असेल तर त्याचा फोन नंबर याच चिठ्ठीवर लिहा. जाताना एक जादा पिशवी आणि बेसप्लेट घ्या, कारण तपासणीसाठी लावलेली पिशवी काढावी लागते आणि तुमच्या मापाची पिशवी तिथे असेलच असे नाही.